चारचौघांतला खर्डा

बालसाहित्याविषयी आपल्याकडे जी थोडीफार चर्चा होते, तीत एक मत वारंवार आणि काहीशा अधिकारवाणीने मांडले जाते. चित्रपुस्तकाचा खर्डा प्रकाशकाच्या हाती देण्यापूर्वी चार समव्यवसायी लेखकांच्या मंडळात वाचावा, त्यांच्या हरकती ऐकून घ्याव्यात, आणि त्या हरकतींची आपल्या मनाशी छाननी करून तो खर्डा दोनदा, चारदा, प्रसंगी दहादा फिरवून लिहावा, ही जी रीत काही होतकरू लेखकांनी अंगीकारली आहे, ती एक तर परदेशातून उसनी आणलेली आहे, दुसरे म्हणजे लेखकाच्या स्वत्वाला मारक आहे, आणि तिसरे म्हणजे मुलांसाठी लिहिलेल्या मजकुराचा फैसला प्रौढांच्या पंचायतीने करणे हा मुळातच विपरीत न्याय आहे, असे या मताचे थोडक्यात स्वरूप. ते मांडणाऱ्यांत माझे काही स्नेही आहेत आणि त्यांच्या वाङ्मयनिष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही; म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे अगत्याचे वाटते. या मताचे मूळ, माझ्या समजुतीप्रमाणे, चित्रपुस्तक म्हणजे काय याविषयीच्या गैरसमजात आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्याचे सहज खंडन करायचे ही वादातली हलकी युक्ती झाली. तेव्हा प्रथम तो त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. आक्षेपक म्हणतात, निर्मिती ही एकांतातली साधना आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले आणि तीस वर्षांहून अधिक काळ, देहावसानापर्यंत, जवळजवळ एकहाती चालवले. त्यांनी आपले खर्डे कोणत्या मंडळापुढे ठेवले होते? उलट लेखक मंडळ करून बसले म्हणजे काय होते याचा दाखला हवा असेल तर १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाकडे पाहावे. चहापान, काव्यगायन आणि परस्परांची वाहवा यांतून जी एक ठरावीक लकब तयार झाली, तिची केशवकुमारांनी ‘झेंडूची फुले’मध्ये पुरेपूर टवाळी करून ठेवली आहे. शिवाय मंडळ म्हटले की मतभेद आले. एक म्हणतो गोष्ट लांबली, दुसरा म्हणतो तोकडी झाली. आणि सर्वांचे समाधान करू पाहणाऱ्या लेखकाची गत शाळेतल्या गोष्टीतल्या त्या बापलेकांसारखी होते, ज्यांनी वाटेवरच्या प्रत्येकाचे ऐकत ऐकत अखेर गाढवच गमावले. आणि सर्वांच्या शेवटी राखून ठेवलेले अस्त्र असे, की पाच वर्षांच्या मुलाला काय रुचेल हे पन्नाशीतल्या पाच माणसांना कोणत्या अधिकाराने कळते?

हे शेवटचे अस्त्र खरोखरच धारदार आहे. त्याचा विचार सावकाश करावा लागेल. आरंभ ओकांपासून करू.

ओकांच्या परिश्रमांपुढे कोणीही नम्र व्हावे. परंतु त्यांचे उदाहरण या ठिकाणी गैरलागू आहे. ‘बालबोधा’तली चरित्रे, कविता, निबंध हा अक्षरओळख पक्की झालेल्या मुलाने स्वतः वाचण्याचा मजकूर होता आणि त्याचा सगळा भार शब्दांवर होता. चित्रपुस्तकाची स्थिती याहून निराळी आहे. सोळा पानांचे दोन फर्मे म्हणजे बत्तीस पाने. त्यांतून नामपत्र, प्रकाशनाचा तपशील आणि अर्पणपत्रिका वजा जाता गोष्टीच्या वाट्याला बारा-चौदा जोडपाने उरतात, आणि त्या सगळ्या जोडपानांवर मिळून चारपाचशे शब्द, पुष्कळदा त्याहूनही कमी. कथेचा अर्धा, कधी अर्ध्याहून अधिक भाग चित्राने सांगायचा असतो. जे चित्राने सांगितले ते शब्दाने पुन्हा सांगू नये आणि जे शब्दाने सांगितले ते चित्राने नुसते गिरवू नये, एवढ्या एका करारावर हा सारा व्यवहार चालतो. त्यात पान उलटण्याची क्रिया आहे, जिच्यामुळे प्रत्येक उजव्या पानाचा शेवटचा शब्द हा एका दाराचा उंबरठा होतो. आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याला वाचता येत नाही. आई, आजोबा किंवा बालवाडीच्या ताई यांच्या आवाजातून तो मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचतो, तोही एकदा वाचून भागत नाही, रोज रात्री तगादा लावून तोच ऐकला जातो.

आता अशा खर्ड्यापाशी एकटा बसलेल्या लेखकाची अडचण पाहा. त्याला चित्र दिसत असते. कागदावर ते नाही, पण त्याच्या अंतश्चक्षूंपुढे ते रंगांसह संपूर्ण उभे असते, म्हणून त्याच्या दृष्टीने खर्ड्यात काही उणे नसते; किंवा याच्या उलट, ते चित्र इतरांना दिसणार नाही या धास्तीने तो तेच शब्दांत पुन्हा काढीत बसतो. हे दोन्ही दोष त्याचे त्याला दिसणे जवळजवळ अशक्य, कारण ते दिसण्यासाठी जे विसरावे लागते ते त्याला विसरता येत नाही. आवाजाचेही तसेच. आपला मजकूर आपणच वाचताना लेखक नकळत त्याला सांभाळून घेतो, लंगड्या वाक्याला सुराचा आधार देतो, जिथे काही घडत नाही तिथे भुवया उंचावून काही घडल्याचा भास निर्माण करतो. कवीला आणि कादंबरीकाराला हे संकट अगदीच नाही असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या शब्दांबाहेर निम्मी जागा मुद्दाम रिकामी ठेवण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. चित्रपुस्तकाच्या लेखकावर ती असते, आणि म्हणून ज्यांनी चित्र पाहिलेले नाही असे कान त्याला हवे असतात. एकांतात बाकी पुष्कळ गोष्टी मिळतात, पण एवढी एक मिळत नाही.

मोघम बोलण्यापेक्षा एक खर्डाच पाहू. माझ्या परिचयाच्या एका मंडळात एका लेखिकेने आणलेली गोष्ट मुक्ता नावाच्या मुलीची आणि तिच्या घरामागच्या विहिरीची होती. पहिल्या खर्ड्यातले तिसरे जोडपान असे होते: ‘पिवळा फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली छोटीशी मुक्ता हळूहळू चालत विहिरीच्या काठाशी गेली आणि तिने आत वाकून पाहिलं, तर पाण्यात तिला दुसरी एक मुलगी दिसली.’ या मंडळाचा शिरस्ता असा, की खर्डा लेखकाने स्वतः वाचायचा नाही; शेजारच्याने, तो आधी न पाहता, मोठ्याने वाचायचा, आणि तेवढा वेळ लेखकाने पेन्सिल हातात धरून गप्प बसायचे. त्या दिवशी वाचणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, वाचनात चांगले वाकबगार. पण ‘बांधलेली छोटीशी’ येथे त्यांचा श्वास संपला, आणि ‘हळूहळू चालत’पर्यंत येता येता त्यांचा आवाज सरकारी परिपत्रक वाचल्यासारखा सपाट झाला. लेखिकेने समासात एक रेघ ओढली. कोणी तोंड उघडण्यापूर्वीच खर्ड्यावर पहिला शेरा पडला होता.

मग हरकती निघाल्या. एकीने विचारले, फ्रॉक पिवळा आहे हे चित्रकाराला सांगायचे आहे की मुलाला? दुसऱ्याची हरकत अधिक मार्मिक होती: पाण्यातली मुलगी याच पानावर सांगून टाकली, तर मुलाने पान उलटावे कशासाठी? तिसऱ्या बाईंची सारी नोकरी अंगणवाड्यांच्या देखरेखीत गेलेली. त्या म्हणाल्या, एवढीशी पोर एकटी विहिरीवर जाते हे काही बरे दिसत नाही, तेव्हा मोठ्यांना विचारल्याशिवाय विहिरीजवळ जाऊ नये अशा अर्थाचे एखादे वाक्य शेवटी घालावे.

आक्षेपकांनी या तिसऱ्या हरकतीवर बोट ठेवून म्हणावे, की पाहा, बोधाचे भूत आलेच. आले खरे, पण पुढचा वृत्तांतही ऐकावा. लेखिकेने ते वाक्य घातले नाही. तथापि त्या बाईंच्या बोलण्यातून तिला एक गोष्ट कळली, जी एकटीला कळण्याचा संभव फार थोडा होता: हे पान वाचणारी प्रत्येक आई इथे क्षणभर दचकेल, तिचा आवाज बदलेल, आणि पाण्यातल्या मुलीचे नवल वाटण्याऐवजी मुलाला आईची भीती ऐकू येईल. निदान बिनचूक होते. औषध तेवढे चुकले होते. पुढच्या खर्ड्यात लेखिकेने चित्रकारासाठी समासात एक ओळ लिहिली, की मुक्ताच्या मागे आजी कळशी कडेवर घेऊन उभी आहे आणि मुक्ताच्या फ्रॉकचा मागचा बंद तिच्या मुठीत आहे. शब्दांत आजीचा उल्लेखही नाही. आणि जोडपानावर उरले ते एवढेच: ‘मुक्ता विहिरीपाशी गेली. वाकली.’ पान उलटले की सगळे पाणीच पाणी, आणि त्यात ती.

२७ शब्दांच्या जागी ४ आले. हे चार शब्द मंडळाने लिहिलेले नाहीत. मंडळातल्या एकानेही ते सुचवले नव्हते, इतकेच काय, आजीच्या मुठीतला बंद कोणाच्या स्वप्नातही नव्हता. स्वत्वाचा लोप झाला म्हणणाऱ्यांनी मला दाखवून द्यावे, की पहिल्या खर्ड्यात, जो कोणत्याही कथासंग्रहात कुठेही खपून गेला असता, या बाईंचे स्वत्व अधिक होते की दुसऱ्यात. माझा अनुभव असा आहे, की पहिला खर्डा बहुधा सगळ्यांचा मिळून असतो: लहानपणी ऐकलेल्या, पाठ्यपुस्तकात वाचलेल्या, आकाशवाणीवर कानी पडलेल्या गोष्टींची ती नकळत झालेली नक्कल असते. लेखकाचे स्वतःचे असे जे काही असते ते हरकती आल्यावर, चिडून, हट्टाने, पुन्हा लिहिताना वर येते.

आता ते गाढव. या गोष्टीचा उपयोग दुसऱ्याचे न ऐकण्याच्या समर्थनार्थ इतक्या वेळा झालेला आहे की ती नीट वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. वाटसरूंना गाढवाशी कर्तव्य नव्हते, बापलेकांच्या मुक्कामाशी नव्हते, आणि त्या बापानेही कोणाला थांबवून ‘तुम्हांला असे का वाटले?’ म्हणून विचारले नाही. प्रत्येक शेरा हाच हुकूम मानून, रुजवात न करता, त्याने त्याची तत्काळ अंमलबजावणी केली. ज्या लेखकाचा स्वभाव असा आहे त्याने मंडळात जाऊ नये हे मला मान्य आहे. किंबहुना त्याने प्रकाशकाकडे, परीक्षकाकडे, पुस्तकप्रदर्शनातही जाऊ नये, कारण गाढव कुठेही जाईल. मंडळात बसणाऱ्याने जे शिकायचे ते हे, की हरकतीचे कारण आणि हरकतीची जागा या दोन वेगळ्या बाबी आहेत. एकाच वाक्यापाशी तिघे अडखळले आणि तिघांनी त्याची तीन परस्परविरोधी कारणे सांगितली, तर ती तिन्ही कारणे खोटी असू शकतील; पण जागा खरी असते. एक म्हणतो लांबले, दुसरा म्हणतो तोकडे, या ज्या मतभेदाची आक्षेपकांना एवढी चीड आहे, तो पुष्कळदा एकाच दुखण्याचा दोन तोंडांनी केलेला पुकारा असतो.

परकीयत्वाच्या आरोपाला उत्तर देण्यात फार शाई घालवण्याचे कारण नाही. गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात मुलांना गोष्टी सांगितल्या आणि त्या सांगण्याच्या अनुभवातून कथनाचे एक शास्त्र गुजरातीत लिहून ठेवले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे ती दृष्टी घेऊन महाराष्ट्रात आल्या. आपल्या संगीत नाटकांच्या तालमींत नटाच्या जिभेवर न बसणारे वाक्य नाटककाराला बदलावे लागे, आणि त्यामुळे देवलांचे किंवा गडकऱ्यांचे स्वत्व हरपले अशी फिर्याद कोणी दाखल केल्याचे ऐकिवात नाही.

तरीही परदेशाचा विषय निघालाच आहे, तर तिथला सर्वांत बोलका दाखला टाळण्याचे कारण नाही. विशेषतः त्या दाखल्याचा अर्धा भाग आक्षेपक आपल्या बाजूने वापरतात म्हणून. न्यूयॉर्कमध्ये ल्यूसी स्प्रेग मिचेल या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९१६ साली शिक्षणविषयक प्रयोगांसाठी एक संस्था काढली, जी पुढे बँक स्ट्रीट या रस्त्याच्या नावाने प्रसिद्धीस आली. परीकथांच्या राजवाड्यांपेक्षा लहान मुलाला त्याच्या भोवतालचे आवाज, वास, मोटारी, पावसाचे थेंब हेच पहिले नवल वाटते, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि त्या सिद्धान्तावर रचलेला कथासंग्रह त्यांनी १९२१ साली छापला. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी आपल्या संस्थेत लेखकांची एक प्रयोगशाळा सुरू केली, जिथे लेखकमंडळी एकत्र बसून एकमेकांचे खर्डे ऐकत, आणि शेजारीच शिशुशाळा असल्याने ते खर्डे मुलांच्याही कानी घालत. १९३५ साली शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी तिथे आलेली मार्गारेट वाइज ब्राउन ही या मंडळाची सर्वांत तेजस्वी सभासद. रूथ क्राउस ही दुसरी, जिने मुलांच्या तोंडच्या व्याख्या गोळा करून १९५२ साली ‘अ होल इज टू डिग’ हे पुस्तक केले. खड्डा कशासाठी, तर खणण्यासाठी, असा त्या व्याख्यांचा रोखठोक बाणा.

ब्राउनचे ‘गुडनाइट मून’ १९४७ साली निघाले. आक्षेपक सांगतात, आणि ते खोटे नाही, की न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हे पुस्तक घेण्याचे नाकारले. त्या ग्रंथालयाच्या बालविभागावर अ‍ॅन कॅरल मूर या बाईंचा अनेक वर्षे अंमल होता. १९४१ साली त्या निवृत्त झाल्या तरी त्यांच्या अभिरुचीचा दरारा ओसरला नव्हता, आणि बँक स्ट्रीटच्या लेखनाविषयी त्या अभिरुचीला प्रेम नव्हते. पुस्तक त्या ग्रंथालयाच्या फडताळात शिरायला १९७२ साल उजाडले; लेखिका त्यापूर्वी वीस वर्षे कैलासवासी झालेली. २०२० साली ग्रंथालयाने आपल्या सव्वाशे वर्षांत सर्वाधिक वेळा नेल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा या अकराव्या पुस्तकाचा खास उल्लेख करून, इतकी वर्षे आम्हीच ते ठेवले नव्हते म्हणून ते दहांत नाही, अशी कबुली त्याला द्यावी लागली. यावरून आक्षेपकांचा निष्कर्ष असा, की जाणत्यांच्या मताला भीक घालू नये.

निष्कर्ष अर्धवट आहे. मूरबाई हे मंडळ नव्हते. ती सत्ता होती. तिच्यापुढे छापून झालेले पुस्तक जाई, लेखक जात नसे. तिच्या नकाराला कारणाची आवश्यकता नव्हती आणि त्यावर अपील नव्हते. मंडळात याच्या अगदी उलट स्थिती असते. तिथे पुस्तक अजून व्हायचे असते, हरकत घेणाऱ्याला तोंडावर कारण सांगावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात त्याचाच खर्डा तुमच्या हाती येणार असतो, ही गोष्ट सभ्यतेला फार उपकारक आहे. या दाखल्यात दोन्ही व्यवस्था समोरासमोर उभ्या आहेत. ज्या लेखिकेला सत्तेने नाकारले, ती मंडळात घडलेली होती.

इथे एक चतुर वाचक मला अडवील. ‘गुडनाइट मून’विषयी अशी कथा सांगतात, की ब्राउनला एके सकाळी जाग आली, तिने ते पुस्तक एका बैठकीत लिहिले, आणि लगेच दूरध्वनीवरून आपल्या संपादिकेला वाचून दाखवले, मग यात मंडळाचा संबंध कुठे आला? कथा खरी धरून चालतो. परंतु जी बाई दहाएक वर्षे, इतरांचे खर्डे ऐकत, आपले ऐकवत, शिशुशाळेतल्या मुलांचे डोळे कोणत्या शब्दाला विझतात हे पाहत बसली आहे, तिला एका सकाळी जे सुचते ते त्या दहा वर्षांच्या कानाला सुचते. गवयाने मैफलीत तान घेतली ती एका क्षणात घेतली हे खरे असले तरी रियाज निरर्थक होता असे आपण म्हणत नाही. आणि तिनेही ते लिहून पेटीत ठेवले नाही. पहिली गोष्ट जी केली ती दुसऱ्याला वाचून दाखवण्याची.

आता प्रौढांच्या अधिकाराचा प्रश्न. पाच प्रौढांना मुलाचे मन कळत नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे मी निःसंकोच स्वीकारतो, आणि त्यांना विचारतो, की एका प्रौढाला ते कळते असे तुम्ही कशावरून धरून चालता? कारण मंडळ काढून टाकल्यावर जो शिल्लक राहतो तोही प्रौढच, आणि तोही एकच. ‘मी माझ्यातल्या मुलासाठी लिहितो’ हे उत्तर मला पुष्कळ ठिकाणी मिळाले आहे. त्या आतल्या मुलाची गंमत अशी, की ते आपल्या लेखकाशी कधीही भांडत नाही.

पण मूळ हरकतीतला खरा अंश याहून खोल आहे, आणि तो असा, की मुलाची साक्ष काढल्याशिवाय निकाल लागू नये. कबूल, मात्र ही साक्ष नोंदवणे किती अवघड आहे याची आक्षेपकांना कल्पना दिसत नाही. मूल हरकत घेत नाही, ते उठून जाते. सातव्या पानावर ते उठले, तर ते वाक्यामुळे उठले, भुकेमुळे उठले की खिडकीत चिमणी आली म्हणून उठले, हे ते सांगत नाही आणि विचारल्यास आपल्याला बरे वाटेल असे काहीतरी सांगते. त्यातही लेखकाच्या स्वतःच्या मुलाची साक्ष मुळीच ग्राह्य धरू नये. आईच्या मांडीवर बसून, आईच्या आवाजात, त्याला रेल्वेचे वेळापत्रकसुद्धा आवडते. तेव्हा परक्या घरची किंवा बालवाडीतली मुले, परक्या आवाजात झालेले वाचन, आणि ते पाहून काय दिसले याची चारचौघांत ताळा घेणारी बैठक, अशी ती सगळी सिद्धता लागते. मंडळ मुलांची जागा घेत नाही. वाचणाऱ्या प्रौढाची परीक्षा ते स्वतः घेते, कारण मुलाला ऐकू येईल ते त्या प्रौढाच्या तोंडून. आणि मुलांपुढे न्यायच्या आधी निदान एवढी खातरजमा करते, की मजकूर वाचणाऱ्याच्या घशात अडकत नाही. या कामाला प्रौढच लागतात, आणि ते त्याला पुरेसे अधिकारी आहेत.

राहता राहिले रविकिरण मंडळ. यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांनी काव्यगायनाने महाराष्ट्राला कवितेचे वेड लावले हे त्यांचे ऋण बाजूला ठेवले, तरी ते गायन तयार कवितेचे होते, आणि तयार कवितेला वाहवा नाहीतर टवाळी एवढीच दोन उत्तरे देता येतात. अपुऱ्या, वेडौल, जागोजागी खाडाखोड झालेल्या कागदाला तिसरे उत्तर देता येते. परस्परांची पाठ थोपटण्यासाठी भरणारी मंडळे आजही आहेत, तशीच एखाद्या ज्येष्ठाचे प्रवचन ऐकण्यासाठी भरणारीही आहेत. ती बरखास्त झाल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही, त्यांचा कैवार घेण्याचे मला कारण नाही.

‘मग संपादक कशासाठी असतो?’ असेही विचारतात. चांगला संपादक लाभला तर मंडळाची निम्मी गरज भागते. एरिक कार्लने कागदाला भोके पाडता पाडता पुस्तक कुरतडणाऱ्या एका किड्याची गोष्ट रचली होती. त्याच्या संपादिकेला, अ‍ॅन बेनेड्यूस यांना, तो किडा रुचेना, बोलता बोलता सुरवंटाचा विषय निघाला, फुलपाखरू आपोआपच पाठोपाठ आले, आणि १९६९ साली जे पुस्तक निघाले ते आज जगभरच्या शिशुवर्गांत आहे. पण असा संपादक आपल्याकडे किती लेखकांच्या वाट्याला येतो? मराठी प्रकाशनगृहातल्या संपादकाच्या टेबलावर मुद्रिते, चित्रकाराचे बिल, कागदाचे दर आणि ग्रंथालय-खरेदीचे अर्ज असा सगळा पसारा असतो; त्याने एका चारशे शब्दांच्या खर्ड्यावर सहा बैठका द्याव्यात ही अपेक्षा करणाऱ्याने कधी प्रकाशनगृह आतून पाहिलेले नसावे.

आणि नकार देण्याचा हक्क? तो मंडळात जाणाऱ्याने दारात चपलांबरोबर काढून ठेवायचा असतो अशी आक्षेपकांची समजूत आहे. मॉरिस सेंडॅक तरुणपणी क्राउसच्या सहवासात, तिची बोलणी खात शिकला. त्याचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ साली आले, त्याच्या कित्येक वर्षे आधी ते रानघोड्यांचे पुस्तक होते. घोडे त्याला जमेनात, म्हणून ती रानटी जनावरे आली. म्हणजे बदलायला तो नाखूश होता असे नाही. पण शेवटच्या पानावर मुलासाठी वाढून ठेवलेले जेवण किती ऊन असावे यावर प्रकाशकाकडच्या मंडळींशी त्याचा खटका उडाला. त्यांना सौम्य ऊब हवी होती, कारण ऊन जेवणाने मुलाचे तोंड भाजेल. त्याला चटका बसेल असेच हवे होते. त्याने ऐकले नाही. अनेक वर्षे अनेकांचे ऐकलेल्या माणसाचा तो नकार होता, म्हणून कुठे अडून बसायचे हे त्याला नेमके ठाऊक होते.

मुक्ताच्या पुस्तकातही असे एक ठिकाण आले. शेवटच्या जोडपानावर आजी कळशी विहिरीत सोडते, पाणी हलते, पाण्यातली मुलगी मोडते, आणि मजकूर एका शब्दाचा: ‘गेली.’ मंडळातल्या बहुतेकांचे म्हणणे पडले, की हे फार कठोर झाले, उद्या परत येईल असे काही सूचित करावे. लेखिकेने प्रश्न पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवला आणि दरम्यान एका बालवाडीत, परक्या आवाजात, वाचन करवले. तिथे कोणी रडले नाही, कोणी काही बोललेही नाही. मुलांनी वाचणाऱ्या ताईंना पाने उलटी फिरवून ती मुलगी पुन्हा दाखवायला लावली, आणि मग पुढे येऊन पुन्हा ‘गेली’ वाचायला लावले. शब्द राहिला. दोघा सभासदांचा त्याला विरोध कायम आहे आणि तो त्यांच्या नावांनिशी बैठकीच्या वहीत नोंदलेला आहे.